बाबांचं नाक

आमच्या घरात शेवटचा शब्द बाबांच्या नाकाचा. ते खालापूरकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते. तिथे बर्फ गोठवायला नळ्यांतून विषारी अमोनिया खेळतो. गळती झाली की आधी बाबांना वास यायचा, आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय कुणी यंत्रांच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

मी कर्जतच्या कॉलेजात वायू ओळखणारी डबी बनवत होते. तिच्यात कार्बनच्या, केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्यांचा थर असतो. अमोनिया त्यांना चिकटला की विजेचा प्रवाह बदलतो आणि आकडा चढतो.

पारखायला मी ती दर रविवारी पोशीरला घरी आणायचे. पडवीत वाटीत पातळ अमोनियाचे दोन थेंब टाकायचे आणि बाबांना विचारायचं. आकडा चढायचा, पण ते म्हणायचे, "वास नाय गं. तुजी डबीच खोटी." मला पुसटसा यायचा, पण त्यांच्यापुढे माझ्या नाकाची काय टाप! तीन आठवडे मी थर खरवडून पुन्हा चढवत राहिले, स्वतःवर चरफडत.

चौथ्या रविवारी आई परसातून आली आणि तिने नाकाला पदर लावला. काय सांडलंय, असं तिने विचारलं. बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईने म्हणाले, "हां, येतोय थोडा." मी डबी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

आई आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "दोन वर्सं झाली. कायच येत नाय. कारखान्यात बोलू नको." इतके दिवस ते दुसऱ्यांची तोंडं बघून निभावत होते. मला भयंकर राग आला. तुमच्या भरवशावर माणसं आत जातात, मी म्हटलं, उद्या तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

सकाळी ते लवकर निघाले आणि स्वतःच सांगून आले. त्यांना फाटकावर राखणीला बसवलं. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटत होतं, पश्चात्ताप मात्र नव्हता.

परवा आईने नव्या तांदळाच्या भातावरचं झाकण काढलं. "वास सुटलाय," हे दरवर्षी बाबाच आधी म्हणायचे. गेली दोन वर्षंही म्हणाले होते. या वेळी ते ताटाकडे बघत बसले आणि मग माझ्याकडे वळले.

"कसा येतोय गं वास?"

मला काही केल्या नीट सांगता येईना.