पाच मालकांची घोडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सुरुवात केली की मध्ये थांबणार नाही. थांबण्यानेच तर सगळा घोळ झाला! चहा ओतलात? मग ऐका, एक चांगला शिकलेला माणूस भर यात्रेत, लाऊडस्पीकरच्या साक्षीने, स्वतःचा पोपट कसा करून घेतो ते.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं. आमच्याकडे बाकी काही असो-नसो, माळ भरपूर. यात्रेला त्या माळावर घोड्यांची शर्यत लागते. आणि दरवर्षी जिंकतो कोण? अप्पासाहेबांचा सुलतान!

अप्पासाहेब म्हणजे रस्त्यांचे ठेकेदार. त्यांचा घोडा टेम्पोतून येतो आणि टेम्पोत घोड्यासाठी पंखा आहे. पंखा! मी कॉलेजच्या होस्टेलवर पंख्यासाठी अर्जावर अर्ज करत होतो, तेव्हापासून त्या घोड्याला पंखा आहे. मला हे सहन होणं शक्य होतं का?

डिग्री घेऊन नगरहून परत आलो आणि पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर बाकड्यावर चढून भाषण ठोकलं. "ज्या जिल्ह्यात लोकांनी एकत्र येऊन साखर कारखाने उभे केले, राळेगणसिद्धीत गावाने मिळून पाणी अडवलं, तिथे पाच माणसं मिळून एक घोडी पाळू शकत नाहीत? शर्यत काय एकट्या श्रीमंतानेच जिंकायची?"

टपरीवाला म्हणाला, "आधी खाली उतर, बाकडं मोडंल."

पण शफीक उठला. शफीक माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरी लग्नाच्या वरातीला घोड्या भाड्याने देतात. तो म्हणाला, "भावा, घोडी हाय. आमचीच. अब्बा विकायला निघालेत."

"का? काय झालं तिला?"

"बँड वाजला की पळती."

"पळती म्हणजे?"

"म्हंजी नवरदेवासकट पळती. मागच्या येळी नवरदेव घावला थेट शेजारच्या गावच्या एसटी स्टँडवर. मुंडावळ्या तशाच. कंडक्टर इचारत हुता, तिकीट कुठलं देऊ?"

अहो, मी जागच्या जागी उडी मारली! आम्हाला पळणारीच तर हवी होती!

घोडीचं नाव चांदणी. तपकिरी रंग आणि कपाळावर पांढरा ठिपका. शफीकच्या अब्बांनी ती आम्हाला जवळजवळ हात जोडूनच दिली.

भागीदार झालो पाच. शफीक स्वार, आणि गोठाही त्याचाच. कडबा आणि हिरवा चारा मंदाकाकूंकडून. त्यांचं दूध संकलन केंद्र आहे आणि गावातली निम्मी जनावरं त्यांना घाबरतात. भिजवलेला हरभरा साळवे सरांकडून. ते हायस्कुलात भूगोल शिकवतात आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात. नाल ठोकणं, डॉक्टर आणि वाहतूक बाप्पूअण्णांकडे, कारण टेम्पो त्यांचा. आणि मी?

"तू काय देनार रं?" मंदाकाकूंनी विचारलं.

"मी विचार दिलाय, काकू."

"इचार घोडी खात न्हाई."

मग मी गूळ पत्करला. गुळाची सगळी ढेप माझ्या खर्चाने. त्याच दिवशी बाप्पूअण्णा मला 'चेअरमन' म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मलाही ते मनातून आवडलं, खोटं कशाला बोलू!

एक अट मात्र काकूंनी घातली. "एक यात्रा बघू. त्या सुलतानाच्या पुढं गेली तर ऱ्हाईल. न्हाई गेली तर इकून टाकायची. हौसंपायी कडबा जाळायला मी बसली न्हाई."

म्हणजे बघा, एका शर्यतीवर चांदणीचं भवितव्य आणि माझा सहकार दोन्ही लटकलेलं!

पहिली ठिणगी लवकरच पडली. घोडी शफीकच्या गोठ्यात राहायची, त्यामुळे त्याला पाहिलं की खिंकाळायची. आम्ही गेलो की बघायचीसुद्धा नाही. काकू भडकल्या. "घोडी एकल्या शफीकची झाली की! आमी काय नुसता चारा पुरवायचा?"

"तिला आपण आवडत नाही," साळवे सर फार दुखावले होते.

भागीदारी मोडते की काय अशी वेळ आली. आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. काय कल्पना होती! आजही आठवली की मीच माझ्या कपाळावर हात मारून घेतो.

मी जाहीर केलं, "प्रत्येक मालकाने रोज सकाळी घोडीला स्वतःच्या हाताने गूळ भरवायचा! शफीक तिला फिरवायला नेईल तेव्हा प्रत्येकाच्या दारावरून नेईल. दारात उभं राहायचं, नावाने हाक मारायची, गूळ द्यायचा. घोडी सगळ्यांची सारखी!"

टाळ्या पडल्या हो. खरंच पडल्या!

आणि योजना इतकी यशस्वी झाली म्हणता! महिन्याभरात चांदणी काकूंच्या दारात आपण होऊन थांबायला लागली. साळवे सरांच्या फाटकावर तोंड ठेवून उभी राहायची. बाप्पूअण्णांच्या टेम्पोत तर मान घालून स्वतः गूळ शोधायची. हाक आली की थांबायचं, गूळ घेतल्याशिवाय हलायचं नाही, आणि गूळ मिळाला की पुढे बाणासारखं सुटायचं.

काकू तर रोज फोटो टाकायच्या आमच्या 'आपली चांदणी' या ग्रुपवर. सकाळी सात वाजता ग्रुपवर घोडीचे ओठ!

आता तुम्ही विचाराल, चेअरमन, तुमच्या दारात काय व्हायचं? अहो, मला वेळ कुठे होता! ढेप आणायची, फोडायची, सगळ्यांना वाटायची. शिवाय पुढच्या टप्प्याचा विचार. एका घोडीवर थोडंच थांबायचं होतं? तालुक्यात घोडी, जिल्ह्यात घोडी! मी शफीकला सांगून टाकलं, "माझ्या वाटचा गूळ तूच घाल रे."

यात्रेच्या आधी शफीकने तिला एकट्याने माळावर पळवून पाहिलं. संध्याकाळी धापा टाकत आला. धाप त्याला लागली होती, घोडीला नव्हती.

"भावा, बाप्पूअण्णाच्या पोराची मोटरसायकल मागं टाकली!"

"फुल स्पीडला?"

"फुल! त्यो तर रडायलाच आला."

मला रात्रभर झोप नाही. डोळे मिटले की सुलतान मागे, चांदणी पुढे, आणि टेम्पोतला पंखा उगाच फिरतोय!

यात्रेचा दिवस उजाडला. आम्ही पाचही जणांनी पिवळेधमक फेटे बांधले. माळावर फक्कीने दोन रेषा आखलेल्या, एक सुटायची, एक पोहोचायची. मध्ये दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. आणि इथे चेअरमनने दुसरी आज्ञा काढली. ऐका हं.

"सगळ्यांनी एका जागी उभं राहायचं नाही. ओळीने पांगायचं. प्रत्येकाच्या वाट्याला सारखं मैदान! घोडी समोरून गेली की तिचं नाव घेऊन जोरात हाक मारायची. तिला वाटलं पाहिजे, माझे सगळे मालक माझ्या पाठीशी आहेत!"

तुमच्या लक्षात आलं ना? आमच्या एकाच्याही आलं नाही. त्यात एक बी.एड. होता, एक पदवीधर आणि एक दूध संकलन केंद्राची मालकीण!

काकू अलीकडे उभ्या राहिल्या, मग सर, मग बाप्पूअण्णा. मी पोहोचायच्या रेषेच्या पलीकडे, विजयाच्या स्वागताला.

शिट्टी झाली!

काय सुटली म्हणून सांगू! बाकीचे घोडे अजून ठरवत होते, तोवर चांदणी चार घोड्यांच्या अंतराने पुढे! लाऊडस्पीकरवरचा निवेदक किंचाळायला लागला, "चांदणी पुढं! चेअरमनची चांदणी पुढं! सुलतान मागं राह्यला मंडळी!" मी नाचत होतो. अक्षरशः नाचत होतो.

आणि तेवढ्यात काकूंचा आवाज आला. त्या आवाजावर म्हशी पान्हा सोडतात.

"चांदने! पळ गं माझी बाय!"

चांदणी थांबली.

थांबली म्हणजे काय, खुरं रोवून उभी! शफीक तिच्या मानेला मिठी मारून कसाबसा वाचला. ती वळली, काकूंपाशी गेली आणि पदरात तोंड खुपसलं.

"अगं मला काय बघती! पळ! शर्यत हाय!" काकू ओरडतायत. घोडी ढिम्म. सुलतान धडधडत निघून गेला. शेवटी काकूंनी कनवटीचा गुळाचा खडा काढून दिला आणि घोडी अशी सुटली, अशी सुटली, की पुन्हा सगळ्यांना गाठून पुढे!

"चांदणी परत पुढं!" निवेदकाचा घसा बसायला आला होता.

"सर, गप्प राहा! हाक मारू नका!" मी पलीकडून बोंबललो. पण त्या गोंगाटात सरांना काय ऐकू येणार? त्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तशी खणखणीत हाक दिली. घोडी हजर! सरांचा खिसा हुंगते आहे आणि सर बिचारे दोन्ही हातांनी तिला ढकलतायत. "जा ना बाळा, जा ना!" शेवटी तिथेही गूळ. तिथूनही बाण!

निवेदक म्हणाला, "मंडळी, घोडी पाव्हनचार घेत चालली हाय. पुढचा मुक्काम बाप्पूअन्नाकडं!"

सारा माळ हसून लोळत होता. बाप्पूअण्णांनी तर तिला येताना पाहिलं आणि आपण होऊन गूळ पुढे धरला. वर मला सांगतात, "येळ वाचावा म्हनून केलं."

पण खरी गंमत इथेच आहे! एवढे थांबे घेऊनही ती पुन्हा सुलतानला गाठून पुढे निघाली. समोर आता फक्त पांढरी रेषा. आणि रेषेपलीकडे कोण? मी!

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घोडी मालकापाशी थांबते ना? मग शेवटचा मालक रेषेच्या पलीकडेच उभा आहे! वा रे चेअरमन! मी गुळाचा सगळ्यात मोठा खडा काढला, हात उंच केला, फेटा गरगर फिरवला आणि गळा फाडून ओरडलो, "चांदणी! ये! ये!"

चांदणीने माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या नजरेत प्रेम नव्हतं, रागही नव्हता. एवढाच प्रश्न होता, 'हा कोण?'

कोण हा पिवळं फडकं फिरवत अंगावर येणारा माणूस? जन्मात कधी दारात दिसला नाही! ती फुरफुरली, दोन पायांवर उठली आणि रेषेच्या ऐन तोंडावरून वळून थेट मंदाकाकूंकडे माघारी पळाली. पाठीवर शफीक ओरडतोय, "भावाऽऽ, काय केलंस!"

"चेअरमनला बघून घोडी माघारी!" निवेदकाने जाहीर केलं. "ह्यो जितला सुलतान!"

सुलतान चक्क चालत रेषा ओलांडून गेला.

मी रेषेवरच बसलो. हातातला गूळ मीच खाल्ला. दुसरं कोण खाणार होतं?

एवढ्यात अप्पासाहेब आले. हसत नव्हते, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "पोरांनो, घोडी वाऱ्यागत हाय. मला द्या. म्हनाल ती किंमत देतो."

मी काकूंकडे पाहिलं. अट त्यांचीच होती. चांदणीचं तोंड अजून त्यांच्या खांद्यावर होतं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"इकू? सगळ्या गावासमोर, शर्यत सोडून माज्यापाशी आली ती! पोटचा पोरगा पुन्याहून दिवाळीला येत न्हाई. हिला इकू व्हय?"

"माझ्यासाठी थांबली नसती तर जिंकली असती," साळवे सर म्हणाले. इतका अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

"घोडी इकायची न्हाई," बाप्पूअण्णा म्हणाले. "चेअरमनचं काय करायचं त्ये ठरवा."

मला काढलं नाही त्यांनी. अहो, गूळ कोण आणणार? पण घोडीची आणि माझी ओळख व्हायलाच हवी, असं एकमताने ठरलं. एकच काम अजून कुणाकडे नव्हतं. घोडीला जंताचं कडू औषध पाजायचं. ते माझ्या गळ्यात पडलं.

ओळख झाली हो! आता ती मला गर्दीतूनसुद्धा ओळखते. लांबून माझी सावली दिसली की जी उधळते, ती गावाच्या शिवेपर्यंत मागे वळून बघत नाही. तसा वेग शफीकने शर्यतीतही पाहिला नव्हता म्हणे.

म्हणून यंदाच्या यात्रेसाठी भागीदारांनी जागा आत्ताच नेमून टाकल्या आहेत. काकू, सर आणि बाप्पूअण्णा, तिघंही पोहोचायच्या रेषेच्या पलीकडे, गूळ घेऊन.

आणि चेअरमन सुटायच्या रेषेच्या मागे, हातात औषधाची बाटली घेऊन.