वहिनीने केलेली हलकी कॉपी

वांगी भाजल्याचा वास आला की मला वहिनी आठवते. साक्रीला आत्याच्या ओट्यावर मी मोबाईलवर तिच्या भावाचा, म्हणजे माझ्या गेलेल्या वडिलांचा, भरीत पार्टीतला व्हिडिओ लावला होता. तो जळगावच्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरून नेटने यायचा. वडील बोलायला लागले की चाक फिरायचं, आवाज तुटायचा. आत्या हिरमुसली. घरी फोन केला, तर वहिनी लाकडी बडगीत भरीतच ठेचत होती. हात धुऊन तिने त्या जड व्हिडिओची हलकी कॉपी केली. आता तो सलग चालला, पण मी कुरकुरलो, "वहिनी, चेहरा पार धूसर झाला." ती म्हणाली, "भाऊजी, आत्याबाईंना तसंही धूसरच दिसतं. आवाज तुटतोय का, ते सांगा." आत्या डोळे मिटून ऐकत होती. "बठ्ठं ऐकू येस," म्हणाली, म्हणजे सगळं ऐकू येतंय. अजूनही कुणाचा व्हिडिओ अडकला की मी नेट नंतर तपासतो. आधी विचारतो, बघतंय कोण?