डॉक्टरसाहेबांची मुलगी

फ्रेंचच्या अभ्यंकर बाई गाईड दिसलं की फाडायच्या. कुणाचं, विकतचं की उसनं, ही चौकशी नंतर. माझं त्यांनी मधोमध फाडलं, तेव्हा बारावीची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती आणि ते गाईड मी मैत्रिणीकडून मागून आणलेलं होतं.

वाशीच्या आमच्या कॉलेजात फ्रेंच घ्यायचे ते मार्कांसाठी. गाईडमधले दहा निबंध घोकायचे, त्यातला एक येतोच. 'माझे वडील' या निबंधात वडील डॉक्टर होते, म्हणून वर्गातल्या सगळ्यांचेच वडील डॉक्टर. माझे बाबा आमच्या पावणे गावातच एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते. तो कारखाना आमच्याच भातशेतावर उभा होता. बाबांनी बजावलं होतं, पास झालीस तर पुढं शीक, नाहीतर लग्न. स्थळही बघून ठेवलं होतं.

"चुकलीस तरी चालेल, पण स्वतःचं लिही," हे बाईंचं पालुपद. मला संताप यायचा. मी चुकले तर लग्न काही बाईंचं लागणार नव्हतं! तरी कॉलेज सुटल्यावर त्या मला रोज बसवून घ्यायच्या, थर्मासमधला अर्धा चहा द्यायच्या आणि ओरडत ओरडत माझ्याकडून एकेक वाक्य काढून घ्यायच्या. बाबा रखवाली करतात. ती जमीन आमची होती. घरी मी ती फ्रेंच वाक्यं मोठ्यानं म्हणायची. बाबांनी एकदा अर्थ विचारला. सांगितल्यावर पुन्हा म्हणायला लावलं.

परीक्षेत तोच निबंध आला. माझ्या डोळ्यांपुढे ते स्थळ उभं राहिलं. गाईड अजून पाठ होतं. मी बाबांना डॉक्टर केलं.

फर्स्ट क्लास मिळाला. पेढे घेऊन बाईंच्या घरी गेले. त्यांनी पहिल्यांदा निबंधाचंच विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. हातातला पेढा त्यांनी परत पुड्यात ठेवला.

"हा तुझ्या डॉक्टरसाहेबांना नेऊन दे," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

बस स्टॉपपर्यंत मी त्यांना शिव्या घालत गेले. पास होऊन दाखवलं, आणखी काय हवं होतं यांना? पुढं कधी भेटले नाही. बाई वारल्या, तेव्हाही गेले नाही.

पेढा मात्र त्याच दुपारी फाटकावर नेला. बाबांनी तो कपाळाला लावून खाल्ला.

"जमीन आपली व्हती, ते पन लिवलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

मग आत शिरणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवून बाबा सांगत राहिले, माजे पोरीनं फ्रेंचमदी माज्यावर लिवलंय. मी तिथंच उभी होते.