सणाच्या दुसऱ्या दिवशीचे पाय

"तो पेला आधी खाली ठेवा!" जानकी ओरडली.

सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, पेला उलट घट्ट धरला. "पोरगी गळान पडली. साखरेचा पाणी नको देवू तर काय देवू?"

जानकीची दहावीतली लेक रुचिरा गादीवर पडून होती. शुद्धीत होती, पण पाय हलत नव्हते. काल गणपतीचे मोदक पोटभर खाल्ले आणि आज उठताच येईना.

"आवशीचोच गुण!" कृष्णाबाई म्हणाल्या. "तिचे पाय पण सणाच्या दुसऱ्या दिवशीच जातत. भांड्यांचो ढीग बघलो की गेले पाय!"

हे जानकी लग्नापासून ऐकत होती. गोरेगावच्या स्टुडिओत दिवसभर उभी राहून नटनट्यांच्या कपड्यांना इस्त्री करणारी ही बाई, सणाच्या दुसऱ्या सकाळी चिंधीसारखी पडून राहायची. दुपारपर्यंत आपोआप उठायची, म्हणजे घरच्यांच्या मते नाटकच. वर सासूबाई मायेने साखरपाणी आणि मऊ भात द्यायच्या. त्याने ती आणखी गळायची. पुढेपुढे तिलाही वाटायला लागलं होतं, आपणच आळशी.

उन्हाळ्यात ती स्टुडिओतच कोसळली, तेव्हा वांद्र्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "स्नायूंच्या पेशींना पोटॅशियमची बारीक दारं असतात. नसेचा हुकूम आला की स्नायू आवळतो. मग त्या दारांतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा कुठे तो पुढच्या हुकुमाला तयार होतो. तुमची ही दारं जन्मापासून बिघडलेली आहेत. गोड किंवा भात फार झाला की रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि स्नायू हुकूम ऐकेनासा होतो. हृदयही स्नायूच आहे. हे आईकडून मुलांत उतरू शकतं, मुलीला तपासून घ्या."

तपासणीला नवऱ्याने, गुणाजीने, साफ नकार दिला होता. पोरीला आजार आहे म्हटल्यावर तिला सून कोण करून घेणार?

आत्ताही तो म्हणाला, "उगाच तमाशा नको गं. रविवारी गावी जाऊ, देवाला गाऱ्हाणं घालू."

"माझ्या पायांवर हसलात, ते मी गिळलं. हिच्या हृदयाशी खेळू देणार नाही," जानकी म्हणाली. तिने सासूबाईंच्या हातातला पेला ओढून घेतला आणि मोरीत रिकामा केला.

"रिक्षा आणा. रुचिराला आत्ता हॉस्पिटलात नेतेय. तिची तपासणी होणार. गावी कोणी जाणार नाही."