आडवं पडा, बाई

लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापानं माझ्या हृदयाची एक झडप आकसलेली होती. ठाण्याला कोर्टात टायपिस्टची नोकरी आणि डोंबिवलीला घर, त्यामुळे दम लागतो तो धावपळीनंच, असं मी पस्तिशीपर्यंत समजत होते. मग एकदा ऑफिसातच कोसळले आणि डॉक्टरकीची मुलं शिकतात अशा एका मोठ्या इस्पितळात मला भरती केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे सर मुलांचा घोळका घेऊन आले. मला काही न विचारता त्यांनी पांघरूण ओढलं.

"ब्लाउज सोडा. डाव्या कुशीवर आडवं पडा, बाई. हृदयाचा असा आवाज रोज ऐकायला मिळत नाही," शेवटचं वाक्य मुलांकडे बघून.

"सर, मला आडवं पडवत नाही. धाप लागते."

"दोन मिनिटं. मुलांना शिकायचंय."

पडले. गार स्टेथोस्कोप एकामागून एक छातीवर टेकायला लागले. एक मुलगा ऐकता ऐकता मागच्याशी सिनेमाबद्दल बोलत होता. माझा श्वास कोंडला, मी धडपडून उठून बसले, खोकल्याची उबळ थांबेना. सर मुलांना म्हणाले, "बघा, हीच ती धाप. पुस्तकात लिहिलीय अगदी तश्शी." कुणी पाणी दिलं नाही. ब्लाउजची बटणं मी खोकत खोकतच लावली.

पुढं ऑपरेशन झालं. झडप मोकळी झाली, मी कामावर गेले. राग मात्र तसाच राहिला.

काही वर्षांनी त्याच विभागातल्या एका डॉक्टर मॅडमचा ऑफिसात फोन आला. "पेशंटला काय वाटतं, हे मुलांनी पेशंटकडूनच ऐकावं असं आम्हाला वाटतं. याल का?" मी गेले. हॉल मुलांनी भरलेला, पहिल्या रांगेत तेच सर बसलेले. मी ती सकाळ सगळी सांगितली, त्यांच्याकडे बघून.

सर हसले. "आजारपणात पेशंट घाबरलेला असतो. त्याला सगळं वाढवून दिसतं."

"घाबरले होतेच," मी म्हटलं. "पण पांघरूण ओढलंत ते तुम्हीच."

मागून एका मुलीनं विचारलं, "काकू, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"अगं, ऑपरेशन व्हायचं होतं माझं! ज्यांच्या हातात जीव द्यायचा, त्यांच्याशी भांडून जाऊ कुठे?"

सर घड्याळ बघत उठून गेले. मॅडमनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, मला नारळ दिला.

पुढच्या वर्षी मॅडमचा पुन्हा फोन. आवाज अवघडलेला. "याल ना? फक्त तो सरांचा भाग जरा... मुलांना आजाराबद्दल सांगितलंत तरी पुरे."

"आजार तर तुमच्या पुस्तकात आहे," मी म्हटलं. "तेवढ्यासाठी मी कशाला हवी?"

"तुम्ही समजून घ्या ना. मलाही इथंच नोकरी करायचीय."

"मग दुसरं कुणी बघा."

त्यांनी बघितलं. कल्याणचे एक गृहस्थ, त्यांचेच जुने पेशंट, आले, सगळ्यांचे आभार मानून गेले म्हणे. मॅडमनीच मला सांगितलं, मी तपासणीला गेले होते तेव्हा. आणि वर म्हणाल्या, "खूप छान बोलले."