सहा वाजताचा रकाना

पप्पांच्या खाण्याची वही मी लिहायचे. त्यांची शुगर जुनी होती. मूत्रपिंडांवर परिणाम दिसायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. दिवसभरात जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहा, असं त्यांनी सांगितलं. दूध, केळी, शेंगदाणे बंद. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजीतच लिहायचे. आईला ते वाचता यायचं नाही.

संध्याकाळी पप्पा मला क्लासवरून स्कूटरवर आणायचे. वाटेत दूध कट्टा लागायचा. तिथं म्हशी उभ्या असतात आणि धार थेट ग्लासात काढून देतात. पप्पा लहानपणापासून ते दूध प्यायचे. बंदी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथं गाडी थांबवली. मी गाडीजवळच उभी राहिले.

"लेक न्हाय घेत व्हय, मालक?" म्हशीवाल्यानं विचारलं.

"इंग्लिश मीडियम हाय ती. तिला पिशवीतलं लागतंय."

दोघं हसले. मिशीवरचा फेस रुमालानं पुसत, माझ्याकडं न बघता पप्पा म्हणाले, "हे लिहू नगंस. दूध म्हंजे काय खाणं न्हवं."

घरी येऊन मी सहा वाजताच्या रकान्यात आडवी रेघ मारली. मग रोज एक, नऊ महिने. मॅडम वही चाळून म्हणायच्या, किती नीट ठेवलीय. मग रिपोर्ट बघायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या आणि भाकरी आणखी अर्धी कमी करायच्या. पप्पा छताकडं बघत बसायचे. टेबलाच्या काचेखाली फळांचं चित्र होतं, मी ते बघायचे. खरं सांगायला तीच एक जागा होती. मी वही मिटून पिशवीत ठेवायचे.

पुढं डायलिसिस सुरू झालं आणि पप्पा गेले. ग्लासभर दुधानं एवढं होतं का, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आई ती वही घेऊन आली. "वाच जरा. शेवटी शेवटी काय आवडीनं खायाचे, त्येच पानात वाढू."

मी वाचत गेले. अर्धी भाकरी, दोडका. अर्धी भाकरी, पडवळ. बिनमिठाचं वरण. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मधेच म्हणाली, "उपाशीच गेले की गं. मोजून वाढत बसले मी. त्यांनी ताट बघितलं की मी तोंड फिरवायची."

तिचा आवाज अगदी साधा होता. वर्षभर ती हे रोज स्वतःला सांगत असणार.

"आई, ते दूध प्यायचे. कट्ट्यावर."

"कुणी सांगितलं?"

"मी असायचे बरोबर."

"रोज?"

"रोज."

"मग हितं काय लिव्हलंयस?"

मी रेघ दाखवली. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं. पान उलटलं, पुढच्या रेघेवर ठेवलं. अशी ती शेवटच्या पानापर्यंत गेली. मला वाटलं रागावेल. ती उठली आणि उद्यासाठी डाळ भिजत घालायला गेली. श्राद्धाच्या पानात तिनं दुधाची वाटी ठेवली. का, ते मला सांगितलं नाही.

आता माझी शुगर काठावर आहे. त्याच मॅडम, तसलीच वही. संध्याकाळच्या रकान्यापाशी आले की जिभेवर कोमट, फेसाळ काहीतरी येतं. ते दूध मी कधीच प्यायलेले नाही. थोडा वेळ पेन धरून बसते, मग खरं तेच लिहिते, फुटाणे, बिनसाखरेचा चहा. वही मराठीत ठेवते, आईला वाचता यावी म्हणून. ती रोज वाचते. वाचून झालं की विचारते, "एवढंच?"

"एवढंच."

ती मान हलवते. पण वही लगेच परत देत नाही.