रोवण्याचं गाणं मांडवात

मला गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. चौथीनंतर शाळा सुटली, पण कानावर पडलेलं गाणं कधी सुटलं नाही. भांडी घासताना मोबाईल खिडकीत ठेवते आणि ऐकते. म्हणायचं मात्र नाव नको. कोणी माझ्या तोंडाकडे पाहिलं की मी पदरात तोंड लपवी. आपण ऐकणारी बाई, असंच मी धरून चालले होते.

यंदा पावसाळ्यात तलावाखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आमचा रोवणा लागला. बाया एका रांगेत वाकून धानाची रोपं चिखलात खोचतात आणि मागे मागे सरकतात. एकजण गाणं धरते, बाकीच्या उचलतात. गाणं धरणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीला मध्येच दम लागला. गाणं थांबलं, तसे हातही मंदावले. पुढची ओळ मला येत होती. सगळ्यांची तोंडं चिखलाकडे, कोण पाहणार? मी म्हणून टाकली. रांगेनं उचलली. बांधी संपेपर्यंत मग मीच म्हणत होते.

बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या, तशा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "कोन म्हनत होती वं?"

माझे लाल झालेले कान पाहून त्यांनीच ओळखलं.

"अवो माय! घरात रेडिओ ठेवून मी गावभर गानारी ढुंढून राहिली!"

जाऊबाई आमच्या बायांच्या भजन मंडळाच्या पुढारी, ढोलकी वाजवतात. मंडळाची गाणारी लेकीच्या बाळंतपणासाठी वरठीला गेली होती. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तेव्हा मांडवात म्हणायला जाऊबाईंनी भांडून दुपारची वेळ मिळवली होती. गाणारी नसली तर ती वेळ शेजारच्या गावच्या मंडळाला जाणार.

"मले नाही जमत," मी म्हटलं.

"काहून? चिखलात जमते, मांडवात नाही?"

घरी सराव सुरू झाला. मला उभी केली की आवाज फुटेना. वैतागून जाऊबाईंनी हातात सूप दिलं. "घे, तांदूळ तरी निवड." मान खाली गेली, हात चालू लागले आणि आवाज आला. माझं गाणं गळ्यातून सुरूच होत नाही, हातापायांतून होतं. मोबाईलवर इतकी वर्षं ऐकून हे मला कळलं नव्हतं.

"मंग पयले रोवण्याचंच म्हन," जाऊबाई म्हणाल्या. "भजन मांगून पाहू."

मंडईच्या दुपारी मांडव भरलेला. जाऊबाई ढोलकी घेऊन पुढे बसल्या, बाया टाळ घेऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. मी स्वतःच्या पायांकडे पाहून सुरुवात केली. आवाज आला! त्या आनंदात मी वर पाहिलंच नाही. दुसरं कडवं संपताना पाठीला काहीतरी लागलं. मांडवाचा पडदा होता. मी म्हणता म्हणता मागे सरकत गेले होते आणि माझ्याबरोबर सगळी रांग. या बायांनीही रोवणा माझ्यासोबतच केलेला. ते गाणं लागलं की पाय मागेच जातात. पुढे मोकळ्या जागेत जाऊबाई एकट्या ढोलकी बडवत होत्या.

त्यांनी वळून पाहिलं. "अवो, कुठी चालल्या? बांधी संपली, बाहेर या!"

मांडव हसू लागला. समोरून एक म्हातारा ओरडला, "जाऊ द्या वो, रोवणा मस्त होऊन राहिला!"

मला इतकं हसू आलं की मान आपोआप वर झाली. सगळे माझ्याच तोंडाकडे पाहत होते आणि तोंड तर हसण्यानं उघडंच होतं. त्यातूनच पुढची ओळ निघाली. मी म्हणत म्हणत पुढे आले, माझ्यामागे रांग आली. नंतरची भजनं मी उभ्या उभ्याच म्हटली.

परवा सानगडीच्या बाजारात भाजीवालीनं मला निरखून पाहिलं. "तुमीच का वो त्या मांगं जानाऱ्या बाई?"

आधी मी पदरात तोंड लपवलं असतं. "हो, मीच," म्हटलं.

"मंग म्हना ना थोडसं."

मी वांगी निवडत निवडत हळूच दोन ओळी म्हटल्या आणि पिशवी पुढे केली. तिनं वांगी तोलायला घेतलीच नाहीत.

"निवडा अजून," ती म्हणाली. "मले पुरं आयकाचं हाये."